लॉट नंबर पाहून कापड घेता, मग या पेटीचा का पाहत नाही?

वाघोलीला आमच्या गोदामात भिंतीवर दोन लहान पेट्या टांगलेल्या आहेत. एक स्विच. ती हिशेबाचे सगळे कॉम्प्युटर एकमेकांशी जोडते. दुसरी फायरवॉल. बाहेरून कोणाला आत घ्यावे आणि कोणाला अडवावे हे ती ठरवते, म्हणजे देवडीवरचा पहारेकरीच. या पेट्यांच्या पोटातही सॉफ्टवेअर असते आणि कंपनी त्याच्या नव्या आवृत्त्या काढत असते, ही गोष्ट आम्हाला नुकसान सोसून कळली.

रमजान ईदच्या आधीच्या आठवड्यात देखभालीचा माणूस भर दुपारी आला. "नवे सॉफ्टवेअर निघाले आहे, टाकून देतो," म्हणाला. आम्ही मान डोलावली. त्यानंतर फायरवॉलने आमचाच रस्ता अडवला. दुकान आणि गोदाम यांचा संबंध तुटला, बिले निघेनात, भरलेले टेम्पो संध्याकाळपर्यंत दारात उभे राहिले. रागाच्या भरात आम्ही फर्मान काढले की यापुढे पेटीला हात लावायचा नाही. ही आमची दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा मोठी.

मोठी का, ते पाहा. फोर्टिनेट कंपनीच्या फायरवॉलमध्ये एक भोक सापडले. ते बुजवणारी आवृत्ती कंपनीने मे 2019 मध्ये दिली. अनेकांनी ती वेळेवर टाकली नाही. सप्टेंबर 2021 मध्ये जगभरातील सुमारे 87,000 पेट्यांची नावे व पासवर्ड चोरांनी उघड्यावर मांडले. म्हणजे कुलूप बदलून मिळत असताना जुनेच लटकत ठेवले.

पण नवे ते सारे चांगले, असेही नाही. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरचे कॉम्प्युटर बंद पाडले. आपल्या देशातील विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले.

मग करावे काय? आपण कापडवाले. एका लॉटचा रंग दुसऱ्या लॉटशी जुळत नाही, हे आपल्या दुकानातला पोऱ्याही जाणतो. आवृत्तीचा आकडा हा असाच लॉट नंबर आहे. ज्युनिपर कंपनीच्या पेटीवर '21.4आर3-एस5' असे दिसले, तर 21 म्हणजे 2021 साल, 4 म्हणजे त्या सालाची चौथी तिमाही, आर3 म्हणजे त्या मालाची तिसरी सुधारित खेप आणि एस5 म्हणजे त्यावरची पाचवी दुरुस्ती. फोर्टिनेट आपल्या अलीकडच्या आवृत्त्यांना 'फीचर' किंवा 'मॅच्युअर' अशी खूण लावते. पहिलीत नव्या सोयी असतात, दुसरी मुरलेली. शिवाय प्रत्येक आवृत्तीसोबत काय दुरुस्त झाले आणि कोणते दोष अजून शिल्लक आहेत, याचे टिपण मिळते. ते इंग्रजीत असते म्हणून आमच्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्यांनी घाबरू नये. देखभालीचे पैसे आपण देतो, अर्थ त्याच्याकडून समजून घ्यावा.

त्याला रोखठोक विचारा. आमच्या पेटीत आज कोणती आवृत्ती आहे? कंपनी या मॉडेलला कोणती सुचवते? नवी आवृत्ती भोक बुजवते की नुसती सोय वाढवते? कंपनी या मॉडेलला दुरुस्त्या कोणत्या तारखेपर्यंत देणार? आणि काम बिघडले तर जुन्यावर परत कसे जाणार, सेटिंगची नक्कल काढून ठेवली आहे काय?

भोक बुजवायचे असेल तर आठवडाही थांबू नये, त्याच रात्री दुकान बंद झाल्यावर काम उरकावे. नुसती सोय असेल तर सीझन जाऊ द्यावा, दुसऱ्यांचा अनुभव पाहावा. उत्तरे वहीत तारखेसह लिहून ठेवावीत. आम्ही आता तशी वही ठेवली आहे, खातेवहीच्या शेजारीच.

उधारी कोणाकडे किती, हे आपल्याला तोंडपाठ असते. ज्या पेटीवर ती सारी उधारी राखण्याची जबाबदारी आहे, तिची एवढी तरी विचारपूस व्हायला नको काय?