पोराला बुद्धिबळ किती आले?

बुद्धिबळाचे वर्ग आता बारामती-इंदापूरकडेही चालतात. एमआयडीसीत पाळी करणारा, उसाच्या रानात रोजाने जाणारा आमचा माणूस पोटाला चिमटा घेऊन पोराची फी भरतो. मग कधी घरी ढाल येते, कधी पहिल्याच दिवशी हरलेले पोर येते. ढाल आली की पोर हुशार, हरले की "हे आपल्या लोकांचे काम नव्हे." दोन्ही निकाल आम्हांला मान्य नाहीत. जन्मावरून लायकी ठरवणाऱ्यांचे शिक्के आपण पिढ्यान्‌पिढ्या सोसले. आता आपणच लेकरावर एका डावावरून शिक्का मारायचा?

सुलतान खान पंजाबातल्या खेड्यातले. ते देशी बुद्धिबळ शिकलेले. त्यात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर जाते. १९२९ साली एका बड्या जमीनदाराबरोबर ते लंडनला आले. तिथे त्यांच्या सरावासाठी भरवलेल्या स्पर्धेत ते तळाला राहिले. नंतर दोन इंग्रज खेळाडूंनी त्यांची तयारी करून घेतली आणि त्याच वर्षी ते ब्रिटिश अजिंक्य झाले. पुढे १९३२ आणि १९३३ सालीही! उणीव कुठे आहे ते कोणीतरी ओळखले, म्हणून ती भरून निघाली.

परीक्षा घ्यायची ती यासाठी. खेळ न येणाऱ्या आईबापांनाही ती घेता येते. पोराला पट मांडायला सांगा. दोघांच्याही उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरे घर आले पाहिजे. मग किल्लेकोट केव्हा करता येत नाही ते विचारा. राजाला शह असताना नाही, राजा किंवा तो हत्ती आधी हलला असेल तर नाही, आणि राजाच्या वाटेतल्या किंवा मुक्कामाच्या घरावर शत्रूचा मारा असेल तरीही नाही. त्यानंतर एकीकडे राजा-वजीर ठेवा, दुसरीकडे नुसता राजा. अचूक खेळल्यास फार तर १० चालींत मात होते. पोराला २० लागल्या तरी हरकत नाही. पण शह नाही आणि हलायला घरही नाही अशी राजाची गत करून डाव कुजवला, तर हातचा विजय बरोबरीत गेला. तिथे शिक्षण कच्चे आहे. हे जमले की वजिराऐवजी हत्ती द्या. त्याला १६ चाली पुरतात.

आणि खेळताना मधेच विचारा, समोरच्याने ही चाल का केली असेल? याचे उत्तर देणारे पोर हरले तरी शिकते आहे.

रेटिंगच्या मागे इतक्यात लागू नका. अर्पाद एलो या प्राध्यापकाची ही पद्धत जागतिक संघटनेने १९७० साली स्वीकारली. कोणाशी खेळलो आणि निकाल काय लागला, एवढेच त्यात मोजतात. कच्चे काय ते कळत नाही. शिवाय २०२४ पासून १४०० च्या खालचे रेटिंग मिळतच नाही.

मुलींना वेगळी मोजपट्टी नको. १९७६ साली रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळल्या तेव्हा गदारोळ झाला होता. स्त्रियांना अडवता येणार नाही, असा निर्णय जागतिक संघटनेच्या अध्यक्षांनी दिला.

गुरूने सांगितले एवढ्यावरून मानू नका, असे तथागतांनी कालामांना बजावले. तेव्हा वर्गाच्या सरांनाही विचारायला लाजू नका: ढाल राहू द्या, पोराने लिहिलेल्या चालींची वही कुठे आहे? वही नसेल तर रविवारी वंदनेनंतर विहारात पट मांडा. दोघांनी खेळावे, तिसऱ्याने चाली लिहाव्यात आणि डाव संपल्यावर हरलेल्यानेच दाखवावे, आपण कोणत्या चालीला चुकलो ते.