मशीन कोरियाचं, हात कुणाचे?

गेल्या महिन्यात रविवारची वंदना आटोपल्यावर विहाराच्या ओट्यावर चांगलाच वाद रंगला. निमित्त पेढ्यांचं. आमच्या बचत गटातल्या एका ताईंनी वॉशिंग मशीन घेतलं म्हणून त्या पेढे वाटत होत्या. कोरियन कंपनीचं, सेमी ऑटोमॅटिक. एका तरुण कार्यकर्त्याने पेढा तोंडात टाकता टाकता विचारलं, "ताई, देशी नाही का मिळालं? आपला पैसा बाहेर कशाला घालवायचा?" दुसऱ्याचं म्हणणं नेमकं उलटं. "देशी कंपन्या कुणाच्या आहेत ते बघ आधी. त्यापेक्षा परदेशी बरी. तिला आपलं आडनाव कळत नाही."

ताई दोघांकडे बघून हसल्या. म्हणाल्या, "आडनाव नाही रे विचारलं. पत्ता विचारला."

झालं होतं असं. पनवेल बाजारातल्या दुकानात ताईंनी मशीन पसंत केलं. झिरो पर्सेंट हप्त्याची पाटी दारातच होती. आधार, पॅन, पासबुक सगळं त्यांनी सोबत नेलं होतं. फायनान्सच्या टेबलावरच्या पोराने माहिती भरली, पत्ता टाकला आणि थांबला. एक फोन केला. मग मान खाली घालून म्हणाला, "मॅडम, तुमचा एरिया आमच्याकडे निगेटिव्हमध्ये येतो." ताईंनी बचत गटाचा एक हप्ता कधी चुकवलेला नाही. तो पोरगाही आपल्यातलाच असावा, असं त्यांना वाटलं. "मी काय करू ताई, सिस्टीम घेत नाही," एवढंच तो म्हणाला. शेवटी गटातून कर्ज काढून रोखीने मशीन घरी आलं.

कर्जाच्या धंद्यात 'निगेटिव्ह एरिया' हा रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. अमेरिकेत 1930 च्या दशकात कृष्णवर्णीयांच्या वस्त्या नकाशावर लाल रंगाने दाखवून तिथल्या लोकांना घरकर्ज नाकारलं जाई. त्याला 'रेडलायनिंग' म्हणतात, हे आम्ही एमएच्या वर्गात शिकलो. 1968 च्या कायद्याने तिथे त्यावर बंदी आली. आपल्याकडे लाल रंगाची गरजही पडत नाही. वस्तीचं नाव पुरतं. गावकुसाबाहेरचा पत्ता शहरात आला आणि पिनकोडच्या आत जाऊन बसला. तेव्हा परदेशी कंपनीला आडनाव कळत नाही म्हणणाऱ्या आमच्या मित्राला पहिलं उत्तर इथेच मिळालं. कंपनीला नसेल कळत. पण तिचं मशीन ज्या दारातून विकलं जातं, ते दार इथलंच आहे.

आता पहिल्या मित्राचा मुद्दा घेऊ. देशी म्हणजे काय? आपण दरवर्षी 1 जानेवारीला भीमा कोरेगावला जातो. त्याच पुणे-नगर रस्त्याने विजयस्तंभ मागे टाकून वीसेक किलोमीटर पुढे गेलं की रांजणगावची एमआयडीसी लागते. तिथे कोरियाच्या एलजीचा कारखाना आहे, चीनच्या हायरचा आहे, अमेरिकेच्या व्हर्लपूलचा आहे. म्हणजे ज्याला आपण परदेशी फ्रीज म्हणतो, तो अनेकदा शिरूर तालुक्यात जोडलेला असतो. सुट्या भागांचे आणि काही तयार मालाचे कंटेनर न्हावाशेवा बंदरातून येतात आणि आपल्याच पनवेलवरून पुढे जातात. रस्त्याकडेच्या गोदामांत ती खोकी चढवणारे-उतरवणारे हमाल कोण आहेत, हे वस्तीत राहणाऱ्याला सांगायला नको. 2020 मध्ये गलवाननंतर चिनी मालावर बहिष्काराचे मेसेज धडाधड फिरले. त्या बहिष्काराचा पहिला फटका कुणाला बसला असता? रांजणगावच्या कंत्राटी कामगाराला.

या देशी ब्रँडचा इतिहासही एकदा तपासावा. 1991 पूर्वी फ्रीज म्हटलं की गोदरेज, केल्व्हिनेटर, ऑल्विन. वॉशिंग मशीन म्हटलं की आपल्या औरंगाबादचं व्हिडिओकॉन. तेव्हा मोजक्या ब्रँडचं राज्य होतं, पण आपल्या घरात फ्रीज होता का? आमच्या आईने बर्फ पाहिला तो रसवंतीच्या गाड्यावर. 1995 मध्ये सॅमसंग आली, त्याच सुमारास व्हर्लपूलने केल्व्हिनेटर ऑफ इंडिया घेतली, 1997 मध्ये एलजी आली, 2004 मध्ये हायर. स्पर्धा वाढली, मॉडेलं वाढली, आणि नव्या घेणाऱ्यांनी काढून टाकलेले जुने फ्रीज सेकंडहँडवाल्यांकडून आमच्या वस्तीत यायला लागले. सगळ्याच परदेशी कंपन्या टिकल्या असंही नाही. स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सने इथला धंदा 2005 मध्ये व्हिडिओकॉनला विकला. पुढे 2018 मध्ये व्हिडिओकॉनच दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेली.

आणि देशी कंपनी आपल्याला आपलं मानते म्हणणाऱ्यांनी मे 2020 आठवावा. टाळेबंदी चालू होती. केंट या भारतीय कंपनीने कणीक मळण्याच्या यंत्राची जाहिरात काढली. कामवाल्या बाईला हाताने कणीक मळू देता का, तिचे हात संसर्गाचे असू शकतात, असा तिचा आशय. आरडाओरडा झाला, जाहिरात मागे घेतली, कंपनीने माफीही मागितली. पण ती सुचली कुणाला आणि का? जिच्या हाताचं जेवण वर्षानुवर्षं खाल्लं, तिच्याच हाताचा विटाळ. विषाणूने फक्त नवं निमित्त दिलं.

म्हणून यंत्र नकोच, चरखा आणि धुण्याचा दगडच बरा, असं कुणी म्हणत असेल तर त्यालाही आमचा जाहीर विरोध आहे. बाबासाहेबांनी 1945 च्या 'काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले' या ग्रंथात गांधीवादाच्या यंत्रविरोधाला सडेतोड उत्तर दिलं आहे. माणसाला जनावरासारखं राबण्यातून सोडवायचं, विचार करायला, शिकायला सवड द्यायची तर यंत्राशिवाय गत्यंतर नाही, अशी त्यांची भूमिका होती. यंत्राने नुकसान होत असेल तर दोष यंत्राचा नाही, खासगी नफ्याला पवित्र मानणाऱ्या समाजरचनेचा आहे, हेही त्यांनी तिथेच सांगितलं. 1942 ते 1946 व्हाइसरॉयच्या मंडळात ते मजूरमंत्री होते, तेव्हा वीज आणि पाटबंधारे हे विषयही त्यांच्याकडेच होते. विजेचं नियोजन करणारा हा माणूस होता. आम्ही जयंतीला डीजेची वीज मोजतो, ही मात्र आठवत नाही. असो.

सवड कुणाला मिळते, हा खरा प्रश्न. पेढे वाटणाऱ्या ताई खारघरच्या टॉवरमध्ये चार घरी कपडे-भांडी करतात. त्यातल्या एका घरी गेल्या वर्षी फुली ऑटोमॅटिक मशीन आलं. मालकीणबाई खूश. कंपनीने मत विचारलं असेल तर तिने पाच तारेही दिले असतील. ताईंचं मात्र कपड्याचं काम सुटलं, महिन्याचे तेवढे पैसे गेले. आता डिशवॉशरचं चाललंय. टाळेबंदीत बायकांना सोसायटीच्या गेटवर अडवलं, तेव्हा डिशवॉशरची मागणी एकदम वाढली. जर्मनीच्या बॉशने तर आपल्याकडच्या तेलकट भांड्यांसाठी खास 'कढई' प्रोग्राम दिलाय. कंपनीने आपली कढई ओळखली. कढई घासणारी मात्र तिच्या हिशेबात फक्त एक कटकट आहे, जी यंत्र आलं की जाते.

आणि त्याच ताईंच्या स्वतःच्या घरी आलेलं मशीन? दिवसभर चार घरची धुणी धुऊन आल्यावर रात्री पाच माणसांचे कपडे हाताने पिळायचे, ते थांबलं. "रात्री नऊला बसायला मिळतं. मुलीचा अभ्यास बघते," असं त्या म्हणाल्या. एकच यंत्र एका दारात पोट कापतं आणि दुसऱ्या दारात पाठ वाचवतं. अमेरिकन इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी 1983 च्या पुस्तकात दाखवून दिलं होतं की घरगुती यंत्रांनी तिथल्या मध्यमवर्गीय गृहिणीचं काम अपेक्षेइतकं घटवलंच नाही. यंत्र आलं तसे कपडे रोज बदलायची, घर जास्त चकाचक ठेवायची अपेक्षा वाढली. बरोबर आहे. पण ज्या घरात बाई आधीच दुसऱ्याची धुणी धुऊन थकलेली असते, तिथला हिशेब कोवनबाईंच्या गृहिणीपेक्षा वेगळा आहे, हे आम्हाला ताईंनी शिकवलं.

मालक हा आपल्या भाषेत मोठा गमतीशीर शब्द. आमच्या वस्तीतल्या बायका नवऱ्याला मालक म्हणतात, ज्याच्या घरी राबतात त्यालाही मालक म्हणतात. त्या स्वतः कशाच्या मालकीण होत्या? मनुस्मृतीने शूद्राला धनसंचयाची मनाई केली आणि बाईची मिळकत नवऱ्याची ठरवली. ती पोथी ज्या महाडला जाळली, ते आपल्याच रायगड जिल्ह्यात. मशीनच्या बिलावर ताईंचं स्वतःचं नाव आहे. पेढे होते ते त्या नावाचे. आमच्या तरुण मित्राला त्यात फक्त कोरिया दिसला.

तर या मालकिणींची मतं काय आहेत? गटाच्या बैठकांत आम्ही हा विषय मुद्दाम काढला. देशाचं नाव कुणीच काढलं नाही. पहिली गोष्ट निघाली पाणी. फुली ऑटोमॅटिकला नळाला सतत दाब लागतो. आमच्याकडे पाणी तासभर येतं, उन्हाळ्यात टँकर. म्हणून सेमी, कारण त्यात बादलीने पाणी ओतता येतं. परदेशी कंपन्यांनी सेमी विकायला घेतली ती उगाच नाही. दुसरी गोष्ट वीज. सेकंडहँड फ्रीज घेतला की युनिट शंभराच्या वर जातात आणि महावितरणचा पुढचा दर लागतो. फ्रीज स्वस्तात आला, बिल महागात पडलं. जुन्या फ्रीजला तारे नसतात, असले तरी स्टिकर कधीच निघालेलं असतं. एक मावशी म्हणाल्या, कमी वीज खाणारी वस्तू श्रीमंताला परवडते, म्हणून गरिबाचं बिल जास्त येतं. आमच्या एमएच्या दोन पेपरांत एवढं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं.

तिसरी गोष्ट दुरुस्ती, आणि इथे परदेशी कंपन्यांवर खरा राग निघाला. जुन्या गोदरेजचा गॅस नाक्यावरचा मेकॅनिक भरून देई. नव्या यंत्रात इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतो. तो गेला की सगळा बोर्डच बदला, आणि किंमत ऐकून नवीनच घ्यावंसं वाटतं. माहितीपुस्तिका इंग्रजीत नाहीतर हिंदीत. तक्रार नोंदवली की मेसेज येतो, माणूस येत नाही. आला तर वस्तीच्या तोंडाशी उभा राहून फोन करतो. त्या माणसालाही दोष किती द्यायचा? बहुतेक वेळा तो कंपनीचा नोकर नसतो, सर्व्हिस सेंटरवाल्याचा कॉलवर पैसे मिळणारा पोरगा असतो. आयटीआयमधून रेफ्रिजरेशनचा ट्रेड करून बाहेर पडलेली आपली कितीतरी मुलं हेच काम करतात. पेट्रोल स्वतःचं, चार मजले जिना स्वतःचा, आणि ग्राहकाने कमी तारे दिले की बोलणी त्याला. म्हणजे या बाजारात आपली बाई ग्राहक आहे आणि आपलाच पोरगा तिचा तंत्रज्ञ. दोघांचं भांडण लावून कंपनी बाजूला.

हे ध्यानात आलं की परदेशी-देशी या भांडणातली हवा निघते. ऑक्टोबर 2025 मध्ये एलजीच्या भारतीय कंपनीचे 11,600 कोटींचे शेअर बाजारात आले. तो सगळा पैसा कोरियातल्या मूळ कंपनीकडे गेला, कारण विकलेले शेअर तिचेच होते. पहिल्या दिवशी भाव दीडपट झाला. इथल्या गुंतवणूकदारांनी टाळ्या वाजवल्या. स्वदेशीचे मेसेज पाठवणाऱ्यांपैकी कितीजण त्या रांगेत होते, देव जाणे, म्हणजे डिमॅट जाणे.

त्याच्या वर्षभर आधी, 9 सप्टेंबर 2024 ला, तामिळनाडूत श्रीपेरुंबुदूरला सॅमसंगच्या कारखान्यात हजाराहून अधिक कामगार संपावर गेले. तिथे फ्रीज, टीव्ही, वॉशिंग मशीन बनतात. संप महिन्याहून जास्त चालला. मुख्य मागणी काय, तर आमच्या संघटनेला मान्यता द्या. नोव्हेंबर 1943 मध्ये बाबासाहेबांनी मजूरमंत्री म्हणून हेच मागणारं विधेयक मध्यवर्ती विधिमंडळात मांडलं होतं: मालकाने कामगार संघटनेला मान्यता देणं बंधनकारक करा. ऐंशी वर्षांनंतर कामगार तिथेच बसलाय. तेव्हाचे मालक गिरणीवाले होते, आताचे सोलमधले आहेत. या संपाबद्दल आपल्या किती ग्रुपवर एक ओळ तरी फिरली? आमच्याही ग्रुपवर फिरली नाही, हे कबूल करतो.

ओट्यावरच्या वादाला त्या दिवशी उत्तर मिळालं नाही. मिळालं ते काम. फायनान्स कंपनीने आमची वस्ती कोणत्या आधारावर नाकारली, त्याचं कारण लेखी द्या, असा अर्ज आम्ही ताईंच्या नावाने तयार केला आहे. आणखी कुणाला पत्त्यावरून हप्ता नाकारला असेल तर दुकानाचं कोटेशन आणि तारीख घेऊन येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात यावं. ज्यांचं मशीन वॉरंटीत असून दुरुस्त होत नाही, त्यांनी बिल आणि तक्रारीचा नंबर आणावा. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार कशी टाकायची, ते तिथेच बसून करू. आणि सर्व्हिस सेंटरवर कॉलवर काम करणाऱ्या मुलांनी वेगळं बसायचं आहे, चार वाजता. चहा ताईंकडून. पेढे संपले.