गाडी आपली कधी होते?

आमच्या पनवेलच्या वसाहतीत एक दादा राहतात. उमेदीची सारी वर्षे त्यांनी पिंपरीला टेल्कोत काढली. पुण्याच्या या कारखान्यातून पहिली मालवाहू गाडी १९७७ साली बाहेर पडली, तर '४०७' ही छोटी ट्रक १९८६ साली आली. दादा तिच्याच जुळणीवर होते. हजारो गाड्या त्यांच्या हाताखालून गेल्या, पण त्या साऱ्या दुसऱ्यांच्या. त्यांच्या वडिलांनी मुंबईच्या लोखंड बाजारात पाठीवर माल वाहिला. पुढे सिडकोने कळंबोलीला बाजार वसवला, तोवर त्यांची पाठ वाकून गेली होती.

सेवानिवृत्तीचे पैसे हाती आले तेव्हा दादा म्हणाले, "एक गाडी आपल्या नावाची घ्यायची. आणि ती ४०७च."

कामगार असला तरी गाडी कारखान्याच्या फाटकातून घरी आणता येत नाही. चार गिऱ्हाइकांसारखी विक्रेत्याकडे मागणी नोंदवायची, आगाऊ रक्कम भरायची आणि वाट पाहायची. थोडे पैसे पदरचे, बाकी बँकेचे कर्ज. चॅसिस आली, कळंबोलीला हौदा बांधून घेतला. लोक रंग पाहत होते. दादा मात्र वाकून चॅसिसवर ठोकलेला क्रमांक बोटाने चाचपत होते. शेजारीपाजारी पेढे वाटले गेले. "दादा मालक झाले," असे सगळे म्हणाले.

वहिनींनी गाडीचे आर.सी. बुक उघडून वाचले. "मालक म्हणून तुमचं नाव आहे, मग खाली बँकेचं नाव कशाला?" दादा म्हणाले, "तो बोजा आहे. कर्ज फिटेपर्यंत राहणार."

"मग पेढ्यांची घाई झाली," वहिनी म्हणाल्या आणि त्याच संध्याकाळी त्यांनी एक वही घातली. डिझेल, ड्रायव्हरचा पगार व भत्ता, विमा, टोल, हप्ता असे रकाने पाडले. टायरसाठी पत्र्याचा वेगळा डबा केला.

पहिल्याच पावसाळ्यात कसोटी लागली. कामे कमी झाली, त्यात एका व्यापाऱ्याने दोन महिन्यांचे भाडे अडकवले. टायरच्या डब्यातले पैसे हप्त्यात गेले आणि पुढच्याच महिन्यात दोन टायर बसले. आठ दिवस गाडी दारात उभी. दादांना झोप नव्हती. त्यानंतर घरात दोन नियम झाले: उधारीवर फेरी नाही, आणि भाडे हातात आले की आधी हप्ता बाजूला, मग घरखर्च.

बाजारात जास्त भाड्याचे आमिष दाखवून जादा माल घालणारेही भेटले. मुलगा म्हणाला, "बाबा, सगळेच घालतात." दादांनी त्याला गाडीखाली वाकवून कमानपाटे दाखवले. "हे मी माझ्या हाताने बसवत आलोय. किती सोसतात ते मला माहीत आहे. तुझ्या आजोबांच्या पाठीवर जास्त घातलं, तेव्हा कोणी विचारलं नाही. या गाडीबाबत मी विचारणार." २०१९ च्या दुरुस्तीनंतर तर मोटार वाहन कायद्यातच जादा भाराला २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार असा दंड आहे. शिवाय जादा माल उतरवून घेण्याचा खर्चही गाडीवाल्याच्याच माथी.

आपल्या घरातला कोणी गाडी घेऊ म्हणत असेल, तर भगिनींनो, आधी हे विचारा. काम ठरले आहे का? गाडी केवढी हवी? गाडीचे मालासह एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर मालवाहतुकीचा परवाना लागत नाही, ४०७ला लागतो. चालवणार कोण? ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला हलक्या वाहनाचे लायसन्स चालते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. फिटनेसची तारीख वहीत लिहिली का? गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी तपासणी असते. भांडवल कमी पडत असेल तर अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी १९७८ साली स्थापन झालेल्या महात्मा फुले महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात बीजभांडवलाची चौकशी करा. मात्र कर्ज कुठलेही असो, हप्ता आपल्यालाच भरायचा आहे.

दादांचा शेवटचा हप्ता फिटला तेव्हा काम संपले असे त्यांना वाटले होते. वहिनींनी पुन्हा आर.सी. काढून दाखवले: बँकेचे नाव तसेच होते. कर्ज फिटले म्हणून ते आपोआप पुसले जात नाही. बँकेचे ना हरकत पत्र आणि तिच्या सहीचा ३५ नंबरचा फॉर्म जोडून आर.टी.ओ.कडे अर्ज करावा लागतो. पुष्कळ जण इथेच आळस करतात आणि गाडी विकताना अडतात. दादा दुसऱ्याच दिवशी गेले. काही दिवसांनी नुसते त्यांच्या नावाचे आर.सी. घरी आले.

दादांनी ते वहिनींच्या हातात दिले. वहिनींनी दोनदा वाचले, वहीत शेवटची ओळ लिहिली आणि मुलाला पैसे देऊन म्हणाल्या, "जा, आता पेढे आण."