बाळाचं झबलं शिवताना...



आजीच्या धुवून धुवून मऊ झालेल्या सुती साडीचं झबलं बाजारातल्या चकचकीत कपड्यापेक्षा बाळाला केव्हाही चांगलं. पण बारशाच्या हौसेपायी आपण कुंचीला मणी, टिकल्या, घुंगरू लावतो आणि हनुवटीखाली नाडी बांधतो. माझं स्पष्ट मत आहे, हे थांबायला हवं. बाळ हाताला लागेल ते तोंडात घालतं. सुटलेला मणी घशात अडकू शकतो. गळ्याजवळची नाडी पाळण्यात किंवा घसरगुंडीवर अडकली तर फास बसतो. म्हणूनच अमेरिकेत १९९६ साली सरकारी संस्थेने मुलांच्या टोपीला, गळ्याला नाडी नको असं सांगितलं.

मग काय करायचं? कापड आधी धुऊन घ्या. झबल्याचे बंद गळ्याशी नको, बाजूला आणि आखूड ठेवा. पायमोज्यातले सुटे दोरे कापा, ते बोटाला गुंडाळले जाऊन आवळतात. शिवणाआधी आणि नंतर टाचण्या मोजा. आजीला सजावट हवीच असेल तर रंगीत दोऱ्याचा कशिदा काढू द्या, आतून मऊ अस्तर लावा.

कार्यानुभवाच्या तासाला मुलांकडून बाहुलीचं झबलं शिवून घ्या आणि प्रत्येक टाक्याबरोबर 'हे इथे का नको?' एवढं जरूर विचारा. घरी जाऊन तीच मुलं आजीला सांगतील.