पत्र निघालं, पण पोचलं का?

बालमित्रांनो, दिवाळी सरली की आमच्या वाटूरकडच्या काही घरांना कुलूप लागतं. आई-बाबा कोयता घेऊन ऊसतोडीला जातात आणि मुलं आजी-आजोबांजवळ राहतात. दिवसभर फडात काम, रात्री कोपीवर मुक्काम. कोपीवर वीज नसली, की फोन मेलेला. आजीने कितीदा लावला तरी लागत नाही.

मागच्या हंगामात आम्ही शाळेत एक युक्ती केली. एक जुना संगणक होता. त्यावर लिनक्स बसवलं. लिनक्स म्हणजे संगणक चालवणारी फुकट मिळणारी प्रणाली. लिनस टोरवाल्ड्स नावाच्या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तिची सुरुवात केली. आमच्या संगणकाचं काम एकच : दर शनिवारी मुलांची पत्रं त्यांच्या आई-बाबांना ईमेलने पाठवायची. फोन घेताना दुकानदाराने बहुतेकांना ईमेलचा पत्ता काढून दिलेला असतोच. फोन बंद असला तरी ईमेल पेटीत वाट पाहत थांबतं. फोन चालू झाला की हजर!

चौथीतल्या एका मुलीने पहिलं पत्र लिहिलं, ‘बाबा, मला सतराचा पाढा पाठ झाला. तुम्ही कधी येणार?’ शनिवारी पाठवलं. आठवडा गेला, उत्तर नाही. दुसऱ्या शनिवारी दुसरं पत्र गेलं. सोमवारी ती माझ्या टेबलाजवळ येऊन हळूच म्हणाली, “सर, बाबा रागावले असतील का? ते निघाले तेव्हा मी रुसून बोललेच नव्हते.”

मला काही सुचेना. मी म्हटलं, “थांब, आधी पत्र कुठं गेलं ते बघू.”

आता तुम्हीही माझ्याबरोबर बघा. कागदी पत्र पेटीत टाकलं, की टपालखातं पिनकोड बघतं. श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्यांनी आखलेली ही सहा अंकांची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली. जालना शहराचा पिनकोड ४३१२०३. पहिल्या ४ वरून विभाग कळतो आणि शेवटच्या तीन अंकांवरून टपाल कार्यालय. ईमेलच्या पत्त्यातही असेच दोन भाग असतात. ‘ॲट’च्या चिन्हापुढे टपाल कार्यालयाचं नाव, त्याच्या मागे माणसाचं. हे चिन्ह रे टॉमलिन्सन या अभियंत्याने १९७१ साली वापरात आणलं.

आपल्या संगणकावर पत्रं नेणारा एक पोस्टमन लागतो. आम्ही ‘पोस्टफिक्स’ नावाचा घेतला. वित्से वेनेमा या शास्त्रज्ञाचा हा कार्यक्रम १९९८ साली सर्वांसाठी खुला झाला. हा पोस्टमन आधी इंटरनेटच्या नावांच्या वहीत बघतो, की या पत्त्याचं टपाल कार्यालय कुठं आहे. मग त्याचं २५ नंबरचं दार ठोठावतो. दोघांत असं बोलणं होतं :

“नमस्कार, मी अमुक संगणक.”
“२५०.” म्हणजे ठीक.
“पत्र यांच्याकडून आहे.”
“२५०.”
“यांना द्यायचं आहे.”
“२५०.”

मग मजकूर जातो. शेवटी एका ओळीत फक्त एक टिंब, म्हणजे पत्र संपलं. त्यावर २५० आलं, की पत्र त्यांच्या ताब्यात गेलं. उत्तर ४ ने सुरू झालं तर ‘नंतर या’, ५ ने सुरू झालं तर ‘घेणार नाही’. हे नियम जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहून काढले. टपालाचे नियम लिहिणाऱ्याचं नाव पोस्टेल, आहे की नाही गंमत!

आता आमच्या पत्रांकडे वळू. पोस्टमनची रोजची नोंदवही असते, तिला लॉग म्हणतात. ती उघडली तर काय? दार उघडलंच नव्हतं! जाहिरातींच्या खोट्या पत्रांचा पाऊस पडू नये म्हणून साध्या जोडणीवरून २५ नंबरच्या दाराकडे जायची वाट बऱ्याचदा बंद ठेवलेली असते. आमचा पोस्टमन जाई, थांबे, परत येई आणि पत्र रांगेत ठेवी. असं तो पाच दिवस करतो. मग ‘पत्र पोचलं नाही’ अशी चिठ्ठी पाठवणाऱ्याकडे टाकतो. पाठवणारा कोण, तर आमचा संगणकच! पहिल्या पत्राची चिठ्ठी त्याच्याच आतल्या पेटीत पडून होती आणि दुसरं पत्र अजून रांगेत होतं. ती पेटी मी कधी उघडलीच नव्हती. चूक माझी होती.

मी मुलीला बोलावून नोंदवही दाखवली. म्हटलं, “बाबांना पत्र मिळालेलंच नाही. मग ते रागावतील कशाला?” ती कितीतरी वेळ पडद्याकडे बघत राहिली.

दुरुस्ती तीन गोष्टींची होती. पहिली, स्वतः दारोदार न फिरता पत्रं एका मोठ्या टपालसेवेच्या हाती द्यायची. तिचं दार ५८७ नंबरचं. तिथं आपलं नाव आणि परवलीचा शब्द सांगावा लागतो. तो शब्द अशा फाइलमध्ये ठेवला, की संगणक सांभाळणाऱ्याशिवाय ती कुणाला वाचता येऊ नये. दुसरी, पाठवणाऱ्याच्या जागी त्या सेवेतला आमचा खरा पत्ता घातला. म्हणजे परत आलेली चिठ्ठी माझ्या डोळ्यांसमोर येईल. तिसरी, पोस्टमनला सांगितलं, की फक्त याच संगणकावरची पत्रं घे. नाहीतर बाहेरचा कुणी लबाड आपल्या पोस्टमनकडून खोटी पत्रं वाटून घेईल!

दोन्ही पत्रं नव्याने पाठवली. लॉगमध्ये २५० दिसलं. पण मुलांनो, २५० म्हणजे पत्र टपाल कार्यालयात पोचलं एवढंच. ते वाचलं गेलं असा त्याचा अर्थ नाही. आणखी चार दिवस गेले. एका संध्याकाळी माझा फोन वाजला. बाजाराच्या दिवशी किराणा दुकानात फोन चार्ज करून तिच्या बाबांनी पत्रं वाचली होती. म्हणाले, “सर, तिला सांगा, आल्यावर सतराचा पाढा उलटा म्हणून घेईन.”

दुसऱ्या दिवशी ती उलटा पाढा पाठ करायला बसली होती.

मुलांनो, एखाद्याचं उत्तर आलं नाही, की आपण लगेच ठरवून टाकतो, ‘तो रागावला,’ ‘तिला माझी पर्वा नाही.’ त्याआधी आपलं पत्र पोचलं का ते बघावं. आणि पालकांनो, घरातल्या लेकराचं म्हणणं आपल्यापर्यंत पोचलं का, तेही अधूनमधून तपासावं.

आता एक खेळ. वर्गात एकाने पोस्टमन व्हा, तिघांनी टपाल कार्यालयं. पोस्टमनने चिठ्ठी आणली की २५०, ४५० किंवा ५५० यांतलं एक उत्तर द्या. पोस्टमनने प्रत्येक वेळी काय करायचं, ते वहीत लिहून ठेवा. ज्याची वही चोख, तो जिंकला!