बंगळूरचे रस्ते कुणी तोडले?

बंगळूरच्या सिल्क बोर्ड चौकात रोज होणाऱ्या वाहतूक कोंडीचे खापर राज्यकर्ते आणि भांडवलदारी वृत्तपत्रे वाढत्या लोकसंख्येवर फोडतात. माणसे फार झाली, म्हणून रस्ते अपुरे पडले, असा हा युक्तिवाद आहे. तो साफ खोटा आहे.

चौकाला लागूनच असलेली एचएसआर लेआउट ही वसाहत त्याची साक्ष आहे. १९७६ साली स्थापन झालेल्या बंगळूर विकास प्राधिकरणाने ती आखली. शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन भूखंड मुख्यतः सुस्थित वर्गाच्या पदरात टाकण्याचा पक्षपात त्या आखणीतही होताच. परंतु रस्ते सार्वजनिक राहिले. ‘मेन’ आणि ‘क्रॉस’ रस्ते एकमेकांना छेदतात. एक वाट अडली तर दुसरी सापडते.

हद्द ओलांडून हरळूर, सर्जापूर मार्गाकडे वळताच चित्र पालटते. तेथील आखणी बिल्डरांच्या हाती गेली. ज्याने जेवढी शेतजमीन विकत घेतली, तेवढीला त्याने कुंपण घातले आणि आतला रस्ता भिंतीपाशी संपवला. शेजारची घरे हाकेच्या अंतरावर, पण वाट मात्र मुख्य रस्त्याला वळसा घालून! मोटारमालक तो वळसा पेट्रोलने भागवतो. मोलकरणीला आणि रखवालदाराला तो पायी तुडवावा लागतो. सारी वाहने एकाच रस्त्यावर लोटल्यानंतर चौक तुंबला, तर दोष लोकसंख्येचा कसा?

२००७ साली आसपासच्या नगरपालिका आणि ११० गावे सामील करून महापालिकेचे क्षेत्र सुमारे २२६ चौरस किलोमीटरवरून ७०० च्या वर नेण्यात आले. हद्द सरकारी आदेशाने वाढते. तुटलेले रस्ते आदेशाने जुळत नाहीत.

आता राज्य सरकारने हेब्बाळ ते सिल्क बोर्ड हा सुमारे १७ किलोमीटरचा भुयारी मार्ग पुढे केला आहे. सुरुवातीचा अंदाजित खर्च सुमारे १७ हजार कोटी रुपये! टोल भरणाऱ्या मोटारींचा हा मार्ग एकही बंद गल्ली उघडणार नाही. भांडवलदार वर्ग असे प्रश्न सोडवत नाही, केवळ जागा बदलून पुन्हा उभे करतो, हे एंगेल्सने १८७२ साली घरांच्या प्रश्नाच्या संदर्भात दाखवून दिले होते.

घर पाडून नवे बांधता येते. रस्त्याची आखणी मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकते, कारण तिच्या कडेने मालकीहक्क उभे राहतात. म्हणून विलंब घातक आहे. शेजारच्या रस्त्यांशी जोड नसलेल्या वसाहतींना मंजुरी नाकारली पाहिजे, सार्वजनिक रस्त्यांवरील फाटके हटवली पाहिजेत, भिंतींतून पादचाऱ्यांना वाटा दिल्या पाहिजेत आणि भुयाराचा पैसा बससेवेकडे वळवला पाहिजे. पुण्याच्या हिंजवडी आणि वाघोली परिसरांतही हेच कुंपणांचे राज्य पसरत आहे. महाराष्ट्रातील श्रमिक जनतेने या मागण्यांसाठी आजच संघटित झाले पाहिजे!