बंगल्याची मागची बाजू

डिसेंबरात सातवीची मुले घेऊन आम्ही आलापल्लीला गेलो होतो. फज्र आटोपून चंद्रपूर सोडले. बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी अशी गावे मागे पडली, आणि पुढे दोन्ही बाजूंना साग सुरू झाला. तिथून भामरागडच्या रस्त्याने गेले की 'वनवैभव' लागते. सहा हेक्टरांचा हा तुकडा 1953 पासून जसाच्या तसा राखून ठेवला आहे. 2014 मध्ये तो राज्यातले पहिले जैवविविधता वारसा स्थळ ठरला. एका सागाच्या बुंध्याला वेढा घालायला चार मुलांचे हात लागले.

सोबतचा वाटाड्या हुशार होता. बिजा कोणता, ऐन कोणता, सागाचे कोवळे पान चुरगळले की बोटे लाल का होतात, सगळे त्याने दाखवले. "इथे कुऱ्हाड लागलेली नाही," तो अभिमानाने म्हणाला.

तेव्हा आमच्या वर्गातल्या एका मुलीने विचारले, "मग बाकीचे कोणी तोडले?"

मुलगी माडिया आहे, भामरागडकडची. वसतिगृहात राहते, वर्गात फारशी बोलत नाही. वाटाड्याने इंग्रजांचे नाव घेतले, रेल्वेचे स्लीपर, जहाजे वगैरे सांगितले. ती म्हणाली, "पण कुऱ्हाड कोणाच्या हातात होती? माझा आजा कुपात जायचा. हत्ती ओंडके ओढायचे, त्यांच्या मागे चालायचा."

कमलापूरचे हत्ती आज पर्यटक पाहायला जातात. वनखात्याने ते हत्ती ठेवले होते ते मुळात लाकूड ओढायलाच. हे आम्हाला ठाऊक होते. पण त्या हत्तीच्या मागे कोणी माणूस चालत असेल, हे काही आमच्या मनात आले नव्हते. वीस वर्षे आम्ही सागवान शिकवतो. उपयोग लिहा : फर्निचर, दारे, जहाजे. 1878 चा वनकायदा शिकवतो, राखीव जंगल म्हणजे काय ते सांगतो. ज्याच्या दारातले जंगल राखीव झाले, तोच त्यात मजूर म्हणून शिरला, हे वाक्य आमच्या फळ्यावर कधी आले नाही.

परतीच्या वाटेवर एका जुन्या वनविश्रामगृहात डबे उघडले. चौकीदाराने हौसेने बंगला दाखवला. उंच छत, जाड भिंती, रुंद व्हरांडा, समोर आंब्याची झाडे. छतातल्या कड्या दाखवून म्हणाला, "इथे कापडी पंखा टांगलेला असायचा. दोर त्या भोकातून बाहेर." दोर ओढायला बाहेर कोण बसे, याचे उत्तर त्याच्याकडे नव्हते. मुलांनी मात्र आता हाच प्रश्न धरला होता.

आम्ही मागच्या बाजूला गेलो. बावर्चीखाना बंगल्यापासून सुटा, धुराने काळा झालेला. तिथे उभे असताना आमची नानी आठवली. तिचे वडील अशाच एका जंगल-बंगल्यावर खानसामा होते. साहेबासाठी अंड्याचे पुडिंग करायचे, पण घरी कधी केले नाही. अंडी मोजून मिळत. जोहरची नमाज बावर्चीखान्याच्या पायरीवर पढत. नानी हे गमतीने सांगायची, आम्ही गमतीने ऐकायचो. बंगल्यातल्या भिंतीवर साहेबांच्या तसबिरी होत्या, वाघावर पाय ठेवलेल्या. खानसामा एकाही तसबिरीत नव्हता.

अमेरिकेतही असे जुने बंगले दाखवतात, ऊस-कापसाच्या मळेवाल्यांचे. बहुतेक ठिकाणी पाहुण्यांना दिवाणखाना आणि बाग दाखवण्यातच वेळ जायचा. लुइझियाना राज्यातल्या व्हिटनी मळ्यावर 2014 पासून उलटे केले आहे : गोष्ट सुरू होते ती गुलामांपासून. त्या देशात गुलाम म्हणून नेलेल्यांत आपले दीनी भाऊही होते. आजच्या सेनेगलमधले उमर इब्न सईद हे शिकलेले गृहस्थ 1807 मध्ये जहाजातून तिथे विकले गेले. 1831 मध्ये त्यांनी आपली हकीकत अरबीत लिहिली आणि सुरुवातीला सूरह मुल्क लिहिली. राज्य कोणाच्या हाती आहे, हे सांगणारी सूरह, आणि लिहिणारा दुसऱ्याच्या मालकीचा! ते लिखाण आज अमेरिकेच्या संसदेच्या ग्रंथालयात जपलेले आहे.

मुलांना बसमध्ये ही हकीकत सांगितली तेव्हा मागून आवाज आला, "आपल्याकडचं सांगा ना."

आपल्याकडचे तर दर मोहरमात आमच्या डोळ्यांसमोर असते. चंद्रपूरच्या कारागृहाचे दार त्या दिवसांत लोकांसाठी उघडते. आत गैबीशाह वलींचा दर्गाह आहे. हिंदू-मुसलमान सगळेच रांगेत असतात. आम्ही मुलाबाळांसह जातो, फातिहा पढतो, परत येतो. त्याच आवारात पिंपळ आहे, जिथे 21 ऑक्टोबर 1858 रोजी बाबूराव शेडमाके यांना फाशी दिली. या गोंड तरुण जमीनदाराने याच जंगलात इंग्रजांशी लढा दिला. किती वेळा त्या झाडाजवळून गेलो असू! पोरांना कधी थांबवून दाखवले नाही. चपला शोधायच्या गडबडीत असायचो.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला 2009 मध्ये आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, 2011 पासून ती आपला बांबू स्वतः विकू लागली. हेही बसमध्येच सांगितले. त्या मुलीने पहिल्यांदाच वहीत काहीतरी टिपून घेतले.

बस गोंडपिपरीला चहासाठी थांबली तेव्हा तिला विचारले, "तुझा आजा आहे?"

"आहे. पण मराठी येत नाही."

पुढच्या डिसेंबरात इन्शाअल्लाह वाटाड्या तोच असेल. आजा माडियात बोलेल, ती मराठीत सांगेल. मुख्याध्यापकांकडे खर्चाचा कागद दिला आहे. त्यात आजाचे मानधन बसभाड्याच्याही वर लिहिले आहे आणि पुढे कंसात : त्याच दिवशी, रोख.